रेडिएशननंतर प्लेटलेट उतरल्या, तर काय करावं?

रेडिएशन चालू असताना किंवा संपल्यावर काही दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट हातात येतो. प्लेटलेटच्या, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांच्या, आकड्यापुढे खाली जाणारा बाण दिसतो आणि घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. मग फोनाफोनी सुरू होते. कोणी म्हणतं पिशव्या चढवा, कोणी म्हणतं शेक, म्हणजे रेडिएशनचा उपचार, बंदच करा, कोणी कसला तरी काढा सुचवतं. हा लेख त्या गोंधळाच्या तासासाठी आणि पुढच्या काही आठवड्यांसाठी आहे. तो कॅन्सरसाठी शेक घेणाऱ्यांचा आहे, रेडिओआयोडीनसारखी किरणोत्सर्गी औषधं घेतलेल्यांचा आहे, आणि अपघातानं मोठा डोस लागलेल्या थोड्याशा लोकांचाही. निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि घरी कशावर नजर ठेवायची, हे माहीत असलं की निम्मी धास्ती कमी होते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा: प्लेटलेटचा आकडा एकटा वाचू नका. त्याच्या शेजारी तारीख ठेवून वाचा. रेडिएशन कधी सुरू झालं, आज त्याला किती दिवस झाले, मागचा आकडा कधीचा होता. बाकीचं सगळं यातून उलगडतं.

पायरी १ : घसरण उशिरा का येते, ते समजून घ्या

प्लेटलेट तयार होतात हाडांच्या आतल्या मज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये. तिथे मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात. त्यांच्यातल्या एकेकीचे बारीक तुकडे पडून हजारो प्लेटलेट रक्तात सुटतात. रक्तात आलेली प्लेटलेट साधारण आठ ते दहा दिवस जगते. निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. रोज काही संपतात, रोज तेवढ्याच नव्या येतात.

रेडिएशनचा घाव बसतो तो विभाजन होणाऱ्या पेशींवर. मज्जेतल्या मूळ पेशी आणि त्यांच्यापासून निघालेल्या कोवळ्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून मार त्यांना बसतो. रक्तात फिरणाऱ्या तयार प्लेटलेटला केंद्रकच नसतं, तिचं विभाजन होत नाही, त्यामुळे रेडिएशन तिचं फारसं बिघडवत नाही. याचा पुरावा रक्तपेढीत रोज पाहायला मिळतो. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना द्यायच्या पिशव्यांवर तिथे मुद्दाम २५ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) डोस सोडतात. दात्याच्या पांढऱ्या पेशींचं विभाजन त्यानं बंद पडतं, आणि प्लेटलेट मात्र त्यानंतरही आपलं काम करतात. संपूर्ण अंगावर एकदम ४ ग्रेच्या आसपास डोस बसला आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. त्या मानानं २५ हा आकडा किती मोठा आहे ते बघा. म्हणजे धोका तयार प्लेटलेटला नाही, त्या जिथे बनतात त्या मज्जेला आहे.

झरे आटले तरी विहिरीतलं पाणी त्याच दिवशी संपत नाही; उपसा चालू राहतो आणि काही दिवसांनी तळ दिसायला लागतो. मोठा डोस एकदम बसला तर असंच होतं. पहिल्या आठवड्यात प्लेटलेटचा आकडा जवळजवळ जागेवर असतो, दुसऱ्या आठवड्यापासून उतरतो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यात खाली जातो, आणि मज्जेत पुरेशा मूळ पेशी शिल्लक असतील तर त्यानंतर हळूहळू वर येतो. डोस जितका मोठा, तितकी घसरण लवकर आणि खोल. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकीत स्फोटातून वाचलेल्या कित्येकांच्या अंगावर जांभळे डाग आणि हिरड्यांतून रक्त दिसायला लागलं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोवर त्यांच्यातले बरेच जण आपण सुटलो असंच समजत होते.

कॅन्सरचा शेक रोज थोडा थोडा, पाच-सहा आठवडे दिला जातो. त्यामुळे तिथे उतार एकदम न येता तिरका येतो. बहुतेकांना तिसऱ्या आठवड्याच्या पुढे तो जाणवतो आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत भरून निघतो. डेंग्यूचा अनुभव घेतलेल्या घरांना हे वेगळं वाटेल. तिथे प्लेटलेट दोन-तीन दिवसांत धडाधड उतरतात आणि तितक्याच झपाट्यानं चढतात, कारण मज्जा मुळात शाबूत असते. इथे मज्जाच दुखावलेली असते, म्हणून सगळं संथ चालतं. उद्या परवा आकडा वर यावा अशी वाट बघत बसलात तर उगाच जिवाला घोर लागेल.

पायरी २ : रेडिएशन कुठलं, किती आणि कुठे, ते लिहून काढा

रेडिएशन म्हटलं की सगळं एका पंक्तीत बसवण्याची सवय असते. ती आधी सोडा. छातीच्या एक्स-रेचा डोस सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट असतो, सीटी स्कॅनचा अवयवाप्रमाणे साधारण २ ते १० मिलिसिव्हर्ट. निसर्गातूनच आपल्याला जगभराच्या सरासरीनं वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात. मज्जेवर रक्तात दिसेल असा परिणाम व्हायला सगळ्या अंगाला एकदम जवळपास १ ग्रे, म्हणजे एक्स-रे किंवा गॅमा किरणांच्या हिशेबात सुमारे १००० मिलिसिव्हर्ट लागतात. तेव्हा मागच्या महिन्यात काढलेल्या दोन-तीन स्कॅनमुळे प्लेटलेट उतरल्या, असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका. खरं कारण दुसरीकडे आहे आणि ते शोधायला हवं. मोबाइल, वायफाय, मायक्रोवेव्ह यांच्या लहरींत पेशींतले रासायनिक बंध तोडण्याएवढी ताकदच नसते. त्यांचा इथे काही संबंध नाही.

आता शेकाकडे येऊ. कागदावर ५० किंवा ६० ग्रे लिहिलेलं बघून आणि वरचा ४ ग्रेचा आकडा आठवून घाबरायला होतं. फरक आहे तो जागेचा. ४ ग्रे घातक ठरतात ते सगळ्या अंगावर एकाच वेळी बसले तर. शेकाचे ५० ग्रे एका ठरावीक भागावर, रोज सुमारे २ ग्रे अशा तुकड्यांत मिळतात, आणि बाकीची मज्जा आपलं काम चालू ठेवते.

म्हणून विचारायचा प्रश्न हा: शेकाच्या वाटेत मज्जेची कोणती हाडं येतात? मोठ्या माणसात काम करणारी मज्जा कमरेची हाडं, मणके, छातीचं हाड, फासळ्या, कवटी आणि मांडी-दंडाच्या हाडांचा वरचा भाग इथे असते. त्यातही कमरेची हाडं आणि मणके मिळून निम्म्याहून जास्त. त्यामुळे गर्भाशयमुख, गुदाशय अशा ओटीपोटाच्या शेकात किंवा मेंदू-मणक्याच्या पूर्ण शेकात प्लेटलेट उतरण्याची शक्यता बरीच, तर नुसत्या स्तनाच्या किंवा गळ्याच्या शेकात ती फारच कमी. सोबत केमो चालू असेल तर मात्र हिशेब बदलतो. कार्बोप्लॅटिन, जेमसिटाबिन, टेमोझोलोमाइड ही औषधं स्वतःच प्लेटलेट पाडतात. मेंदूच्या गाठीसाठी शेकासोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची दर आठवड्याला रक्ततपासणी करतात ती याचसाठी. आकडा एक लाखाच्या खाली गेला की गोळी तात्पुरती थांबवण्याचा नियम आहे.

तिसरा प्रकार शरीरात सोडलेल्या किरणोत्सर्गी औषधांचा: थायरॉइडच्या कॅन्सरसाठी रेडिओआयोडीन, हाडांत पसरलेल्या आजारासाठी रेडियम किंवा स्ट्रॉन्शियम, काही ट्यूमरसाठी ल्युटेशियम. यात घसरण आणखी उशिरा येते, बऱ्याचदा चार ते सहा आठवड्यांनी आणि काही औषधांत त्याच्याही नंतर. दवाखान्यातून घरी सोडलं, पहिल्या पंधरवड्यातला रिपोर्ट चांगला आला, म्हणून पुढची तपासणी टाळणं इथे सगळ्यात महागात पडतं.

पायरी ३ : रिपोर्ट नीट वाचा

आधी एकक बघा. एका लॅबच्या कागदावर ०.८५ लाख असतं, दुसरीच्या ८५, तिसरीच्या ८५,०००. तिन्ही एकच आहेत. आधीच्या रिपोर्टवर १,४०,००० आणि आजच्यावर ८५ बघून हातपाय गाळलेली माणसं असतात, म्हणून हे सांगते. शक्यतो सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा.

मग आकडा खरा आहे का ते बघा. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही लोकांच्या रक्तात त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, आणि यंत्र त्या मोजत नाही. आकडा खोटाच कमी येतो. अंगावर एकही डाग नाही, कुठून रक्त नाही, आणि आकडा अचानक ३० हजार असेल, तर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, किंवा सायट्रेटच्या, म्हणजे निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा नमुना द्या. यासाठी विनंती करायला संकोच वाटू देऊ नका. लॅबमधल्या माणसांना हे रोजचं असतं.

आणि उतार बघा. समजा, शेक सुरू होण्याआधी आकडा २,४०,००० होता, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी १,९०,०००, तिसऱ्याच्या शेवटी १,५५,०००. यातल्या एकाही आकड्यापुढे बाण येणार नाही, कारण तिन्ही मर्यादेत आहेत. पण शेक अजून निम्मा बाकी आहे आणि आकडा एक तृतीयांशाहून जास्त उतरलाय. ज्याच्याकडे तीन तारखा एका ओळीत लिहिलेल्या आहेत, त्याला हे दिसतं. एका वहीत चारच रकाने करा: तारीख, शेकाचा कितवा दिवस, प्लेटलेट, आणि त्या दिवशी अंगावर काही दिसलं का. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशींसाठी आणखी दोन रकाने केलेत तर उत्तमच.

आकड्यांचा साधारण अर्थ असा. एक लाखाच्या वर रोजच्या जगण्यात काही फरक पडत नाही. ५० हजारांपर्यंत आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही, मात्र ऑपरेशन, दात काढणं अशा गोष्टींना आधी विचारावं लागतं. ५० ते २० हजारांच्या मध्ये थोडं लागलं तरी काळंनिळं पडतं. २० हजारांखाली जपून राहायचं. १० हजारांच्या खाली काहीही न लागता आतून रक्त सुरू होऊ शकतं, आणि तिथे बहुतेक वेळा लक्षणांची वाट न बघता प्लेटलेट चढवतात.

पायरी ४ : दोष रेडिएशनचाच आहे का, हे विचारा

शेक चालू आहे म्हणजे सगळं शेकामुळेच, असं धरून चालणं ही नवख्यांची आणि कधी कधी थकलेल्या दवाखान्यांचीही चूक असते. तारखा इथेही उपयोगी पडतात. शेक सुरू होऊन चारच दिवस झालेत आणि प्लेटलेट निम्म्यावर आल्या, तर रेडिएशन इतक्या लवकर असं करत नाही. मग जंतुसंसर्ग, नुकतंच सुरू झालेलं अँटिबायोटिक, सलाइनच्या नळीतून दिलेलं हेपारिन, बी-१२ किंवा फोलेटची कमतरता, वाढलेली प्लीहा, मज्जेत शिरलेला मूळ आजार, यातलं काहीतरी शोधावं लागतं. हेपारिनमुळे उतरलेल्या प्लेटलेटचं प्रकरण तर उलटं असतं: त्यात रक्तस्रावापेक्षा गुठळ्यांचा धोका मोठा असतो आणि ते औषध ताबडतोब बंद करावं लागतं. डॉक्टरांना सरळ विचारा: "तारखा बघता ही घसरण शेकाशी जुळते का?"

पायरी ५ : रोज एकदा अंग तपासा

आंघोळीनंतर चांगल्या उजेडात पाच मिनिटं पुरतात. घोट्यापासून सुरुवात करा. प्लेटलेट कमी झाल्या की पहिले ठिपके बहुधा पायांच्या खालच्या भागात दिसतात, कारण उभं राहिल्यावर तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांवर सगळ्यात जास्त दाब असतो. टाचणीच्या टोकाएवढे, लाल-जांभळे, त्वचेला समतल. बोट फिरवलं तर हाताला लागत नाहीत आणि खाजतही नाहीत. साधा काचेचा पेला घेऊन त्याची कड त्यांच्यावर दाबा आणि काचेतून बघा. घामोळं किंवा अ‍ॅलर्जीचं पुरळ दाबल्यावर फिकट होतं. हे ठिपके तसेच राहतात, कारण ते त्वचेखाली सांडलेलं रक्त आहे. रंगानं सावळ्या माणसात पायावर ते ओळखू येत नाहीत, तेव्हा तोंडात टाळू आणि गालांची आतली बाजू, आणि डोळ्याची खालची पापणी ओढून तिची आतली बाजू बघा. पट्ट्याच्या, मोज्याच्या इलॅस्टिकच्या जागाही बघा.

तोंडात काळसर रक्ताचे फोड दिसले तर ते मनावर घ्या. त्वचेवरच्या ठिपक्यांपेक्षा तोंडातले रक्ताळ फोड मोठ्या रक्तस्रावाची जास्त ठळक पूर्वसूचना मानतात.

शेकाच्या जागी त्वचा लाल होते, ती वेगळी. ती शेकाच्या चौकटीपुरती असते, तिथे आग होते आणि ती दाबल्यावर फिकट होते. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

पायरी ६ : औषधांच्या डब्याची झडती घ्या

प्लेटलेट थोड्या असतात तेव्हा आहेत त्या तरी कामाच्या असायला हव्यात. अ‍ॅस्पिरिनची एक गोळी घेतली की त्या वेळी रक्तात असलेल्या प्लेटलेट त्यांच्या उरलेल्या आयुष्यासाठी पांगळ्या होतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन ही दुखण्याची औषधंही चिकटण्याची ताकद कमी करतात, त्यांचा परिणाम थोडा लवकर ओसरतो इतकंच. सर्दी-अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांत हीच औषधं लपलेली असतात, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. पण ताप असेल तर गोळी घेण्याआधी तो मोजा आणि कळवा, कारण पांढऱ्या पेशीही कमी असण्याची शक्यता असते आणि गोळीनं उतरलेला ताप संसर्ग झाकून टाकतो.

हृदयात स्टेंट असल्यामुळे किंवा गुठळीमुळे रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती मनानं बंद करू नका. स्टेंट बंद पडणं हाही जिवावरचाच प्रसंग आहे. हृदयाचे डॉक्टर आणि कॅन्सरचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचा हा निर्णय आहे, आणि त्यांना बोलायला लावणं हे घरच्यांचं काम.

काढे, पानांचे रस, वनस्पतींच्या गोळ्या यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शेक आणि केमो चालू असताना घेऊ नका. दुखावलेल्या मज्जेला ते पुन्हा उभं करतात असा पुरावा नाही. त्यातले काही पदार्थ रक्तस्राव वाढवतात, काही यकृतावर ताण आणतात आणि काही केमोच्या मात्रेत ढवळाढवळ करतात. आधीच घेतलं असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगून टाका. प्रथिनं आणि उष्मांक पोटात पुरेसे जाणं गरजेचं आहे, पण प्लेटलेट वाढवणारा असा एखादा खास पदार्थ नाही.

पायरी ७ : घरात काय बदलायचं

५० हजारांच्या खाली गेल्यावर एवढं करा. मऊ दातांचा ब्रश वापरा, आणि त्यानंही रक्त येत असेल तर मऊ कापड किंवा स्पंज. दाढीला ब्लेडऐवजी विजेवर चालणारं यंत्र. नाक शिंकरताना जोर नको. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानं डोक्यातला आणि गुदाशयातला दाब वाढतो. शौच मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून मागून घ्या. एनिमा, गुदद्वारात ठेवायचा थर्मामीटर आणि दंडात-कमरेत टोचायची इंजेक्शनं टाळतात. रक्त काढल्यावर त्या जागी पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघण्यानंच ती जागा काळी पडते. चालणं, हलका व्यायाम चालतो. पडण्याची भीती असलेलं काही नको. रात्री उठताना दिवा लावा.

पाळी येणाऱ्या स्त्रियांनी हा विषय पहिल्याच भेटीत काढावा. प्लेटलेट कमी असताना पाळीतलं रक्त धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं, आणि हार्मोनच्या गोळ्यांनी पाळी काही काळ पुढे ढकलता येते. पण ते आधी ठरवावं लागतं. संकोचापायी हे राहून जातं आणि मग रात्री-अपरात्री धावपळ होते.

घोळणा फुटला तर ताठ बसून थोडं पुढे वाका. डोकं मागे टाकू नका, रक्त घशात उतरतं. नाकाचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, दोन बोटांत धरून सलग दहा ते पंधरा मिनिटं दाबा, तोंडानं श्वास घ्या. घड्याळ लावून दाबा. तेवढ्यात थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

खालीलपैकी काहीही झालं तर उद्यावर ढकलू नका, अंगावर काढू नका:

- अचानक जोराची डोकेदुखी, वारंवार उलटी, धूसर दिसणं, बोलण्यात गोंधळ, हात-पाय लुळे पडणं
- डांबरासारखं काळं शौच, लाल लघवी, उलटीत किंवा खोकल्यात रक्त
- डोक्याला मार, मग तो कितीही किरकोळ वाटो
- ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप
- दर तासाला पॅड बदलावं लागेल इतकी पाळी

पायरी ८ : पिशवी चढवायची वेळ आली तर

रक्तस्राव नसेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर बहुतेक ठिकाणी १० हजारांच्या खाली गेल्यावर प्लेटलेट चढवतात. ताप किंवा संसर्ग असेल तर २० हजारांचा निकष धरतात, मोठ्या ऑपरेशनआधी ५० हजार, मेंदू किंवा डोळ्याच्या ऑपरेशनआधी एक लाख. म्हणून ३५ हजार आकडा असताना डॉक्टर "थांबू या" म्हणाले तर ती हयगय नसते. चढवलेल्या प्लेटलेट दोन-चार दिवसांत संपतात. वारंवार चढवल्यानं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, आणि मग खरी गरज पडते तेव्हा पिशवी चढवूनही आकडा हलत नाही.

प्लेटलेटची पिशवी एकदा नीट बघा. ती लाल नसते, फिकट पिवळी असते. रक्तपेढीत ती फ्रिजमध्ये न ठेवता २० ते २४ अंशांत, सतत हलणाऱ्या फळीवर ठेवतात आणि साधारण पाच दिवसांत वापरावी लागते. उजेडासमोर धरून अलगद हलवली की आत रेशमासारख्या लाटा फिरताना दिसतात. हे चांगल्या प्लेटलेटचं लक्षण आहे, आणि रक्तपेढीतली माणसं पिशवी देण्याआधी तेच बघतात. घरी आणून फ्रिजमध्ये ठेवण्याचा प्रकार कधीही करू नका.

एका दात्याकडून यंत्रानं काढलेली पिशवी प्रौढ माणसाचा आकडा साधारण ३० ते ६० हजारांनी वाढवते, रक्ताच्या साध्या बाटलीतून वेगळी केलेली एक छोटी पिशवी ५ ते १० हजारांनी. चढवल्यावर तासाभरात आणि दुसऱ्या दिवशी आकडा बघितला की उपयोग झाला का ते कळतं. थंडी वाजणं, अंगावर गांधी उठणं, दम लागणं असं काही झालं तर लगेच नर्सला हाक मारा.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: पिशवी पांढऱ्या पेशी गाळलेली आहे का, आणि ती विकिरित करून, म्हणजे आधी सांगितलेला २५ ग्रेचा डोस देऊन, हवी आहे का. मज्जा खूप दुखावलेली असेल आणि पुढे मज्जेच्या प्रत्यारोपणाची शक्यता असेल, तर भाऊ-बहीण, आई-वडील, मुलं यांच्याकडून प्लेटलेट घेणं टाळतात. त्यांच्या पेशींची शरीराला आधीच ओळख झाली तर त्यांचीच मज्जा पुढे नाकारली जाण्याचा धोका वाढतो. घरच्यांचा जीव कासावीस होतो, रक्त द्यायला सगळे पुढे येतात, हे मला माहीत आहे. त्यांनी रक्तपेढीत दुसऱ्या कोणासाठी द्यावं आणि आपल्या माणसासाठी दुसऱ्या कोणाचं घ्यावं.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न: शेक थांबवायचा का? हे स्वतः ठरवून सुट्टी घेऊ नका. काही कॅन्सरमध्ये उपचार लांबले की फायदा कमी होतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचा आणि आतला शेक मिळून आठ आठवड्यांत संपवण्याचं उद्दिष्ट असतं ते यासाठीच. प्लेटलेट उतरल्या की डॉक्टर बहुधा आधी केमोला हात घालतात, तिची मात्रा कमी करतात किंवा एखादा आठवडा वगळतात. शेक थांबवायचा तर आकडा, उतार, शेकाची जागा आणि किती दिवस उरलेत हे सगळं बघून. तुमची वही इथे कामाला येते.

अपघातानं डोस लागला असेल तर

हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं, पण तिथे पहिले तास मोलाचे असतात. औद्योगिक स्रोत उघडा पडला, भंगारात किरणोत्सर्गी वस्तू सापडली, अशी शंका असेल तर आधी दूर व्हा, बाहेरचे कपडे उतरवून पिशवीत बांधा, साबणानं अंग धुवा आणि अणुसुरक्षा यंत्रणेला आणि मोठ्या रुग्णालयाला कळवा. उलटी कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. एक-दोन तासांच्या आत सुरू झाली तर डोस मोठा असण्याची शक्यता असते. पहिल्या दोन दिवसांत डॉक्टर प्लेटलेटपेक्षा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर नजर ठेवतात, कारण त्या तासागणिक उतरतात आणि त्यावरून डोसचा अंदाज येतो. प्लेटलेट त्या वेळी चांगल्या दिसतील. त्या आकड्यावर विसंबून घरी जाऊ नका.

१९८६ साली चेर्नोबिलमध्ये १३४ जणांना तीव्र विकिरण आजार, म्हणजे रेडिएशनचा मोठा डोस एकदम बसल्यानं होणारा आजार, झाल्याचं निदान पक्कं झालं आणि त्यांतले २८ जण पहिल्या काही महिन्यांत गेले. त्या वेळी प्लेटलेट वाढवणारं खास औषध हाताशी नव्हतं. आज आहे. रोमिप्लोस्टिम हे इंजेक्शन मज्जेला प्लेटलेट बनवण्याचा संदेश देतं. अमेरिकेच्या औषध नियामकानं जानेवारी २०२१ मध्ये ते अशा विकिरण आजारासाठी मंजूर केलं. डोस २ ग्रेहून जास्त असल्याची शंका आली की वजनाच्या दर किलोला १० मायक्रोग्रॅम या हिशेबानं, एकदाच, शक्य तितक्या लवकर ते देतात. म्हणजे इथेही प्लेटलेट उतरण्याची वाट बघायची नसते. आयोडीनच्या गोळ्या मात्र फक्त थायरॉइडला वाचवतात. मज्जेला त्यांचा काही उपयोग नाही.

शेक संपल्यावर

शेवटच्या शेकानंतर लगेच तपासणी सोडू नका. आकडा पुन्हा स्थिर होईपर्यंत डॉक्टर सांगतील त्या अंतरानं रक्त द्या. काहींचा आकडा आधीच्या पातळीवर परत जात नाही, एक लाख वीस हजारांच्या आसपास रेंगाळतो आणि तिथेच राहतो. मोठा डोस मिळालेल्या हाडातली मज्जा बऱ्याचदा चरबीत बदलते आणि उरलेल्या हाडांना सगळा भार उचलावा लागतो. आकडा वर्षानुवर्षं हलत नसेल, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी जागेवर असतील, तर त्याची काळजी करू नका. फक्त पुढच्या प्रत्येक ऑपरेशनआधी आणि नव्या केमोआधी तो सांगा.

काळजीची गोष्ट वेगळी आहे. सगळं सुरळीत झाल्यावर काही वर्षांनी प्लेटलेट पुन्हा उतरायला लागल्या, सोबत हिमोग्लोबिन किंवा पांढऱ्या पेशीही बदलल्या, तर मज्जेची तपासणी करावी लागते. रेडिएशन आणि केमोनंतर क्वचित, साधारण पाच ते दहा वर्षांनी, मज्जेचे आजार किंवा ल्युकेमिया होऊ शकतो. त्यासाठी शेकाचा तपशील असलेला कागद जपून ठेवा: कोणत्या भागावर, किती ग्रे, किती भागांत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि सोबत कोणती केमो. दवाखान्यातून सुट्टी घेताना तो मागून घ्या, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि मूळ कागद रक्ताच्या वहीला जोडून ठेवा.